आवाजाची खतावणी

मिक्सर म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर चटणी वाटण्याचे यंत्र उभे राहते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी सुरतेला मामांकडे गेलो, तेव्हा मामेभाऊ म्हणाला, "चल, तुला नवा मिक्सर दाखवतो." मी सरळ स्वयंपाकघराकडे वळलो. मामी हसू लागल्या. मग दादाने मला घरामागच्या खोलीत नेले आणि बटणांनी, दिव्यांनी भरलेले एक यंत्र दाखवले. त्या यंत्रापाशी मी पंधरा दिवस काढले. त्या दिवसांत एक गोष्ट शिकलो आणि आमच्याच हातून एक नुकसानही झाले. दोन्ही गोष्टी सांगण्यासाठी हा लेख आहे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. ध्वनिशास्त्राचा मला गंध नव्हता. त्यामुळे मला जे कळले ते कोणालाही कळेल, एवढी खात्री मी वाचकांना देऊ शकतो.

मामांचे घर भेस्तानला आहे. मुंबईहून पश्चिम रेल्वेने सुरतेला जाताना सचिन मागे पडले की भेस्तान स्टेशन लागते आणि त्यानंतर उधना. शेजारी पांडेसऱ्याची औद्योगिक वसाहत आहे. तेथे कापड रंगवण्या-छापण्याच्या गिरण्या आहेत आणि आजूबाजूला यंत्रमागांचे कारखाने. आपल्या सोलापुरातली कितीतरी विणकर घरे सुरतेला गेली, त्यांतलेच एक मामांचे. ते एका कारखान्यात जॉबर आहेत. पण या भागात मराठी बोलणारे जास्त भेटतात ते खानदेशातले. उधन्याहून नंदुरबार, अमळनेरवरून जळगावला जाणारा लोहमार्ग आहे. त्या मार्गाने धुळे, नंदुरबार, जळगावकडची माणसे पोटासाठी येथे आली आणि येताना आपली अहिराणी भाषा, कानबाईचा उत्सव आणि रोटांचा नैवेद्य बरोबर घेऊन आली.

दादाच्या खोलीत ध्वनिमुद्रण होते ते मुख्यतः या लोकांच्या गाण्यांचे. खोली दहा बाय बाराची. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. तरीही रस्त्यापलीकडच्या मागांची खटखट आत येते आणि गाडी गेली की जमीन किंचित थरथरते. म्हणून माईक गाणाऱ्याच्या तोंडाजवळ ठेवतात आणि गाडी येण्याची चाहूल लागली की सगळे गप्प बसतात.

तार दिसत होती तेव्हा

आधी मिक्सरचे काम काय ते पाहू. माईकमध्ये आवाजाचे रूपांतर विजेच्या अगदी क्षीण लहरीत होते. ही वीज व्होल्टच्या हजाराव्या भागांत मोजावी लागते. तिला प्रथम वाढवावे लागते. गरज पडल्यास हजारपटही. मग प्रत्येक आवाज हवा तेवढा कमी-जास्त करायचा, त्यातला नको तो भाग काढायचा, काही आवाज एकत्र मिसळायचे आणि तयार झालेला प्रवाह हव्या त्या ठिकाणी पोचवायचा. कोणता आवाज कोठून निघून कोणत्या वाटेने कोठे जाईल, या मांडणीला राउटिंग म्हणतात. या लेखाचा विषय तेवढाच आहे.

जुन्या मिक्सरमध्ये ही वाट म्हणजे खरोखरीची तार होती. मोठ्या स्टुडिओत भोकांच्या रांगा असलेली एक पाटी असे. तिला पॅच बे म्हणतात. एका भोकातून दुसऱ्या भोकात दोरीसारखी तार खुपसली की वाट जोडली गेली. ही कल्पना टेलिफोन एक्स्चेंजमधून आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टेलिफोनच्या ऑपरेटरला ज्या पिना जोडाव्या लागत, त्यांचीच भावंडे आजही गिटारच्या तारेच्या टोकाला दिसतात. त्या पद्धतीत पसारा फार, पण एक मोठी सोय होती. शंका आली की तार बोटाने धरायची आणि ती कोठे जाते ते डोळ्यांनी पाहायचे.

त्या काळी मुद्रणही सोपे होते, म्हणजे करणाऱ्याला अवघड आणि समजायला सोपे. गायक, वादक सारे एकदम गात-वाजवत आणि एकाच फितीवर सगळे एकत्र उतरे. चुकले की पुन्हा पहिल्यापासून. पुढे एकाच फितीवर अनेक समांतर पट्टे आले. त्यांना ट्रॅक म्हणतात. अमेरिकेतील गिटारवादक लेस पॉल यांच्याकडे आठ ट्रॅकचे यंत्र १९५७ साली आले. प्रत्येक वाद्य आपापल्या ट्रॅकवर वेगळे राहिले, तर मिसळण्याचा निर्णय नंतर सावकाश घेता येतो. ढोलकी मोठी झाली असेल तर ती एकटी लहान करता येते. आज भेस्तानच्या खोलीतही काम याच तत्त्वावर चालते, फक्त फितीच्या जागी संगणक आला आहे.

आवाजाचे आकडे

डिजिटल मिक्सर आवाजाला आत घेताच त्याचे आकडे करतो. एका सेकंदात ४८,००० वेळा तो त्या लहरीची उंची मोजतो आणि प्रत्येक मोजणी २४ बिटांच्या एका संख्येत लिहून ठेवतो. २४ बिट म्हणजे १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ निरनिराळ्या पायऱ्या. माझ्यातल्या वाणिज्याच्या विद्यार्थ्याने लगेच हिशेब केला. एका माईकचे एका सेकंदाला ११ लाख ५२ हजार बिट, म्हणजे १ लाख ४४ हजार बाइट. आठ माईकचे तासभर मुद्रण केले तर सुमारे ४.१ गिगाबाइट होतात. एवढी कीर्द कोणत्याही पेढीवर कोणी लिहिली नसेल!

आवाज अशा रीतीने आकड्यांत मांडण्याची कल्पना ॲलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याने १९३७ साली काढली. ती टेलिफोनसाठी होती. संगीताच्या बाजारात ती घरोघर पोचली १९८२ साली निघालेल्या कॉम्पॅक्ट डिस्कमुळे. यामाहा कंपनीचा डीएमपी-७ हा छोटा डिजिटल मिक्सर १९८७ साली आला, ०२आर हा १९९५ साली. २०१२ साली बेहरिंगरचा एक्स-३२ आला आणि असली यंत्रे लहान स्टुडिओंच्या व मंडपवाल्यांच्या आवाक्यात येऊ लागली.

आकडे झाले की तारेची गरज संपते. दोन आवाज मिसळणे म्हणजे दोन संख्यांची बेरीज. आवाज निम्मा करणे म्हणजे दोनने भागणे. आणि एक आवाज दुसरीकडे पाठवणे म्हणजे संख्यांना नवा पत्ता देणे. डिजिटल मिक्सरची सारी शक्ती येथे आहे आणि सारा धोकाही येथेच आहे. पत्ता बदलला तरी बाहेरून काहीच बदललेले दिसत नाही. माईकची तार होती तेथेच असते, दिवे लागतच असतात.

एका आवाजाचा प्रवास

आता एका माईकच्या मागे मागे जाऊ. तार मिक्सरच्या मागच्या एका खोबणीत येते. खोबणीपाशीच आवाज वाढवण्याचे साधन असते. त्याला गेन म्हणतात. गेन जपून लावावा लागतो. डिजिटल यंत्रात शून्य डेसिबल ही छताची मर्यादा. त्याच्या वर संख्याच नाही, म्हणून आवाज छताला आपटला की फाटतो आणि फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही. दादा नेहमीचे गाणे छताच्या १८ डेसिबल खाली ठेवतो. कोणी अचानक वरचा सूर लावला तरी डोके आपटत नाही.

तेथून आवाज चॅनेलमध्ये शिरतो. खोबणी आणि चॅनेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तिसऱ्या दिवशी समजले. खोबणी हे दार. चॅनेल ही आतली खोली. जुन्या मिक्सरमध्ये पाचव्या दाराने पाचव्याच खोलीत जावे लागे. डिजिटलमध्ये पाचव्या दाराचा पाहुणा बाराव्या खोलीत बसवता येतो, नाहीतर त्या खोलीत माईकऐवजी संगणकातून परत येणारा आवाजही बसवता येतो.

चॅनेलमध्ये क्रमाने संस्कार होतात. प्रथम खालचे घुमणारे आवाज कापले जातात. गाडीची थरथर येथे बरीचशी जाते. मग फार मोठा आवाज दाबणारा कॉम्प्रेसर आणि सूर खुलवणारा इक्वलायझर, हे दोघे. शेवटी फेडर, म्हणजे वर-खाली सरकणारी पट्टी. फेडरनंतर आवाज मुख्य मिश्रणात जातो, जे खोलीतल्या मोठ्या स्पीकरवर ऐकू येते.

पण मुख्य वाट ही अनेक वाटांपैकी एक. प्रत्येक चॅनेलमधून इतर मिश्रणांकडेही फाटे फुटतात. अशा मिश्रणाला बस म्हणतात. हा शब्द आपल्या एस. टी.च्या बसचाच भाऊ मानायला हरकत नाही, कारण काम तेच. निरनिराळ्या ठिकाणचे प्रवासी एका गाडीत बसतात आणि एकाच स्टॉपवर उतरतात. फरक एवढाच की या बसमध्ये चढलेले प्रवासी एकमेकांत विरघळून जातात. पाच आवाजांची बेरीज एकदा झाली की बेरजेवरून मूळ पाच आकडे काढता येत नाहीत. शंभर रुपये हातात आले म्हणजे त्यात कोणाचे किती, हे नोट सांगत नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

बसचा नेहमीचा उपयोग म्हणजे गाणाऱ्याच्या कानावरच्या हेडफोनसाठी वेगळे मिश्रण करणे. गाणाऱ्याला आपला आवाज जास्त हवा असतो, ढोलकी तालापुरती. हा फाटा फेडरच्या आधी काढतात. नाहीतर दादाने आपल्या ऐकण्यासाठी पट्टी खाली केली की गाणाऱ्याचा आवाज त्याच्या स्वतःच्या कानातूनच नाहीसा व्हायचा. उलट, देवळात गायल्यासारखी घुमणारी आस द्यायची असेल तर तो फाटा फेडरच्या नंतर काढतात, म्हणजे मूळ आवाज कमी झाला की त्याची आसही त्याच प्रमाणात कमी होते. फाटा कोठून काढला यावर एवढे अवलंबून असते.

गाणाऱ्याला ऐकवण्याची वाट जवळचीच हवी. संगणकात जाऊन परत येणाऱ्या आवाजाला उशीर होतो. संगणक २५६ मोजण्यांचा एक गठ्ठा जमवून काम करत असेल तर त्या एका गठ्ठ्यालाच ५.३ सहस्रांश सेकंद लागतात. हवेत आवाज तेवढ्या वेळात सुमारे १.८ मीटर जातो. म्हणजे आपलाच आवाज कोणीतरी पुरुषभर अंतरावरून परत म्हणून दाखवावा तसे होते, आणि असे गठ्ठे जाताना एक, येताना एक लागतात. म्हणून दादा हेडफोनला आवाज मिक्सरमधूनच देतो. संगणकाकडे वेगळी वाट जाते.

वेगळी वाट! येथेच आमचा घात झाला.

नावे कोणाला, जमा कोणाला

संगणकाकडे जाणाऱ्या सोळा वाटा होत्या, १ ते १६. प्रत्येक वाटेवर कोणता आवाज घालायचा, याचा तक्ता मिक्सरच्या पडद्यावर असतो. एका बाजूला आवाज कोठून येतो ते, दुसऱ्या बाजूला तो कोठे जातो ते. तो तक्ता पाहून मला खतावणी आठवली. प्रत्येक नोंदीला दोन टोके: कोणाच्या नावे, कोणाकडे जमा. एक टोक सांगून भागत नाही.

या तक्त्याचे दोन नियम आहेत. एक आवाज हव्या तितक्या ठिकाणी पाठवता येतो. आकड्यांची नक्कल केल्याने मूळ आकडा कमी होत नाही. मात्र एका वाटेवर एकच आवाज बसतो. दोन आवाज एका वाटेने पाठवायचे असतील तर आधी बसमध्ये त्यांची बेरीज करून मग ती बेरीज पाठवावी लागते. पुष्कळशा मिक्सरमध्ये आणखी एक सोय असते. सोळा वाटा एकेक करून न भरता आठ-आठच्या गटाने भरता येतात. १ ते ८ या वाटांवर पहिल्या आठ खोबण्या, ९ ते १६ या वाटांवर पुढच्या आठ, अशी एका बटणात भरती होते. सोय चांगली आहे, पण गटाने केलेल्या नोंदीत एकेक आकडा तपासला जात नाही, हे आपल्याला हिशेबात ठाऊकच आहे.

त्या आठवड्यात दादाने शेजारच्या बायकांची कानबाईची गाणी मुद्रित करायची ठरवली होती. कानबाई ही खानदेशची श्रावणातली देवी. तिची गाणी पुस्तकात पाहून म्हणायची नसतात; सासूकडून सुनेकडे येतात. त्या गल्लीत ही गाणी पुरती येणारी एक आजी होती. तिची नातवंडे घरात हिंदी-गुजराती बोलतात. आजी थकली होती आणि दिवाळीनंतर गावी जाणार होती. म्हणून घाई.

आम्ही माईक लावले. ढोलकीच्या दोन बाजूंना दोन, टाळांना एक, मागे म्हणणाऱ्या पाच बायकांना पाच. आठ खोबण्या भरल्या. आजी शेवटी आली. तिचा माईक नवव्या खोबणीत लावला. दादाने तिच्या कानाला हेडफोन दिला आणि पहिल्या बसवर तिच्यासाठी मिश्रण केले. तिचा आवाज मोठा, ढोलकी मध्यम, बायका हलक्या. आजीने मान डोलावली. दादाने नववा चॅनेल एकटा ऐकून पाहिला. आवाज स्वच्छ, खणखणीत. संगणकाच्या पडद्यावर नववा ट्रॅक पाहिला. आजी गाऊ लागली की हिरवी पट्टी वर जात होती. माझे काम एवढेच होते की नवांपैकी एखादी पट्टी निपचित पडली तर सांगायचे. एकही पडली नाही. आजीने सात गाणी म्हटली. गल्लीत दूधवाला आला तेव्हा मध्ये थांबलो, तेवढाच खंड.

रात्री दादाने नववा ट्रॅक एकटा लावला आणि त्यातून ढोलकीही वाजू लागली. बायकाही ऐकू येत होत्या. आधी वाटले, खोली लहान, आजीच्या माईकमध्ये शेजारचे आवाज शिरले असतील. पण ढोलकी इतकी जवळची होती की ते शक्य नव्हते. दादाने तक्ता उघडला आणि डोक्याला हात लावला. संगणकाच्या ९ ते १६ या वाटांवर खोबण्या नव्हत्याच. तेथे बस १ ते ८ लावलेल्या होत्या. आदल्या आठवड्यात एका भजनी मंडळाचे तयार मिश्रण मुद्रित करण्यासाठी ती मांडणी केली होती आणि ती तशीच राहिली. म्हणजे नवव्या ट्रॅकवर आजीचा माईक गेला नव्हता. आजीच्या हेडफोनचे मिश्रण गेले होते. त्यात तिचा आवाज सर्वांत मोठा असल्यामुळे ती गायली की पट्टी हलत होती. दादाने मिक्सरवर एकटा ऐकला तो चॅनेल खरा आजीचा होता, पण तो संगणकाकडे जातच नव्हता. दोन्ही तपासण्या खऱ्या होत्या आणि दोन्ही निरुपयोगी ठरल्या, कारण मधला जोड कोणीच तपासला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आजी ऐकायला आली. इतरांचे ट्रॅक एकेक करून लावले तेव्हा बायका आपापला आवाज ओळखून हसत होत्या. आजी जरा वेळाने म्हणाली, "मना आवाज कोठे शे?" माझा आवाज कुठे आहे? मला अहिराणी निम्मीच कळते, पण हे वाक्य पुरते कळले.

तेरीज जुळते, तरीही

आम्हाला हिशेबशास्त्रात पहिल्याच वर्षी शिकवतात की तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असे समजू नये. एका गिऱ्हाइकाची रक्कम चुकून दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या खात्यावर चढवली, तर नावेची बेरीज आणि जमेची बेरीज जुळतेच. चूक मात्र खात्यात बसून राहते. परीक्षेत मी हे उत्तर लिहिले होते, गुणही मिळाले होते. भेस्तानला नऊ पट्ट्या हलताना पाहून मात्र मी "सगळे ठीक आहे" असे सांगितले. हलणारी पट्टी एवढेच सांगते की काहीतरी रक्कम आली. ती कोणाची आली, हे ती सांगत नाही.

त्यानंतर दादाने आणि मी मिळून तपासणीची एक पद्धत ठरवली. ती येथे देतो. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मिक्सरपाशी बसणाऱ्यांनाही ती उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, काम सुरू करण्यापूर्वी मिक्सर कोऱ्या मांडणीवर आणायचा. डिजिटल मिक्सर कालची सारी मांडणी लक्षात ठेवतो. ही त्याची सोय आपण ओळखून वापरली नाही, तर कालचे काम आजच्या कामात शिरते. दादाने आता रोजच्या मुद्रणाची एक मांडणी वेगळ्या नावाने जपून ठेवली आहे. सकाळी प्रथम तीच लावायची.

दुसरी गोष्ट, कागद. कोणता माईक, कोणती खोबणी, कोणता चॅनेल, कोणती वाट, कोणता ट्रॅक, अशी पाच रकान्यांची वही. पडद्यावरचा तक्ता यंत्र काय करते ते सांगतो; वही आपल्याला काय करायचे होते ते सांगते. दोन्ही ताडून पाहिल्याखेरीज चूक दिसत नाही. बँकेचे पासबुक आणि आपली रोकडवही ताडतो, तसेच हे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. प्रत्येक माईकपाशी एकेकाने जाऊन बोलायचे आणि आकडा नव्हे, नाव सांगायचे: "ढोलकी, डावी बाजू." "टाळ." "आजी." त्या वेळी बाकी सगळ्यांनी गप्प राहायचे. मग ते मुद्रण थांबवून संगणकावरून परत लावायचे आणि एकेक ट्रॅक एकटा ऐकायचा. ज्या ट्रॅकवर "आजी" लिहिले आहे त्यात फक्त "आजी" हा शब्द ऐकू यावा. दुसरा एकही शब्द आला तर वाट चुकली. मिक्सरवर ऐकून भागत नाही, कारण मिक्सर हे प्रवासाचे मधले स्टेशन आहे. उधन्याला गाडी फलाटावर पाहिली म्हणून ती सुरतेला जाणार की जळगावला, हे ठरत नाही. शेवटच्या स्टेशनावर उभे राहून कोण उतरले ते पाहावे लागते. या साऱ्याला नऊ माईकसाठी दहा मिनिटे लागतात.

चौथी गोष्ट, संगणकाकडे जाणारा फाटा गेननंतर लगेच काढायचा, संस्कारांच्या आधी. म्हणजे कच्चा, मूळ आवाज जपला जातो. इक्वलायझर चुकला तर नंतर बदलता येतो. कच्च्या नोंदीवरून पक्की नोंद केव्हाही करता येते. पक्कीवरून कच्ची करता येत नाही.

आजीचे दुसऱ्यांदा येणे

आजीला पुन्हा गायला सांगायचे धाडस दादाला होईना. शेवटी मामीच गेल्या. आठ दिवसांनी, गावी निघण्याच्या आदल्या दिवशी आजी आली. या वेळी मी वही घेऊन बसलो होतो. माईकपाशी जाऊन मी "आजी" म्हणालो, तेव्हा तिला वाटले मी हाक मारली आणि तिने "काय रे भाऊ?" म्हणून उत्तर दिले. ट्रॅकवर ते दोन्ही आवाज अजून आहेत. दादा पुसायला निघाला होता, मी पुसू दिले नाहीत.

तिने चार गाणी म्हटली. पाचवे सुरू केले, तेव्हा खोकला आला आणि ती थांबली. आम्ही आग्रह केला नाही. उरलेली तीन गाणी पहिल्या दिवसाच्या मिश्रणातच आहेत. आजीचा आवाज, त्यावर ढोलकी, मागे बायका, सगळे एकात विरघळलेले. दादाने पुष्कळ खटपट केली. ढोलकीचा घुमारा थोडा कमी झाला, पण काही ठिकाणी ढोलकीच्या थापेखाली शब्दच गेले आहेत. मागच्या बायकांना विचारले, तर त्यांना धृपदे येत होती, मधली कडवी नाहीत. ती आजीने फोनवर सांगावी असे ठरले आहे. तिच्या नातीने वहीत लिहून घ्यायचे कबूल केले आहे, कारण तिलाच अहिराणी कळते आणि मराठीही लिहिता येते.

मी सोलापूरला परत आलो त्यानंतर दादाने चार गाण्यांचे पक्के मिश्रण करून पाठवले. हेडफोन लावून मी पहिल्यांदा डोळे मिटून ऐकले आणि दुसऱ्यांदा वही उघडून ऐकले. नवव्या रकान्यात लिहिलेले होते: खोबणी ९, चॅनेल ९, वाट ९, ट्रॅक ९, आजी. आवाज त्याच खात्यावर होता.